वळणात पाय उचलायचा नाही

४ फेब्रुवारी

उलटले. अख्ख्या गावाला गाडी शिकवणारी मी — आणि मीच उलटले! तेही सवतीला घेऊन.

ह्यांच्या मांडीचं हाड मोडलं. आज सकाळी आत सळई घातली. मला काय झालं? कपाळाला टाके आणि मुरगळलेलं मनगट. म्हणून हे अक्षर असं मुंगीच्या पायांचं.

शुद्धीवर आल्यावर ह्यांचा पहिला प्रश्न — "गाडी कशी आहे?" मग मान वळवून माझ्याकडे बघितलं. "तू ठीक ना?" क्रम बरोबरच होता. इतक्या वर्षांच्या संसारात कधी चुकला नाही.

६ फेब्रुवारी

दवाखान्यातल्या बाकावर बसून लिहितेय. हे झोपलेत. डोक्यात तेच तेच फिरतंय, कागदावर काढलं तर थांबेल कदाचित.

सवत म्हणजे ह्यांची जुनी गाडी. हे तिला राणी म्हणतात, मी सवत. लेक पाळण्यात होती तेव्हा एका बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारातून ओढून आणली आणि तेव्हापासून सगळे रविवार तिचे. इंजिन मागे, डिकी पुढे, सगळं जगाच्या उलट. ह्यांनी ती कुणाच्या हातात दिली नाही. माझ्या तर नाहीच. मी दिवसभर लोकांना क्लच कसा सोडायचा ते शिकवते, पण रविवारी मी बाजूच्या सीटवर पर्स मांडीवर धरून बसायचं! "तू पुढच्या इंजिनवाली. तुझ्या सवयी हिला सोसायच्या नाहीत," हे म्हणायचे.

त्यात तथ्य होतं, नाही कसं म्हणू. साध्या गाडीत वळणावर वेग जास्त वाटला तर पाय उचलावा, गाडी सावरते. मी सगळ्यांना हेच शिकवते. सवतीत नेमकं उलट. वळणात ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की सगळा भार पुढे धावतो, मागचा भाग हलका होऊन उचलला जातो, आणि मागची चाकं — ती धड सरळ दांड्यावर नाहीतच, गुडघ्यासारखी मधेच वाकतात — बाहेरच्या बाजूचं चाक गाडीच्या पोटाखाली दुमडतं. झालं! मग मागचं इंजिन गोफणीतल्या दगडासारखं गाडीला गरकन फिरवतं. म्हणून नियम — वळणाच्या आधीच हळू व्हायचं. वळणात पाय उचलायचा नाही. हवा पुढच्या चाकांत कमी, मागच्यात जास्त. पुढच्या डिकीत वाळूचं पोतं, नाक जमिनीवर राहावं म्हणून. बाजूला बसून बसून मला हे सगळं पाढ्यांसारखं पाठ. त्या दिवशी हवा मीच तपासली, पोतंही मीच ठेवलं.

आणि त्याच दिवशी, जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला निघताना, ह्यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली. "आज तू चालव."

मी बघतच राहिले. म्हटलं, ऊन लागलंय की काय! "चेष्टा नाही. चालव. एवढी वर्षं शिकवतेस सगळ्यांना." मी विरघळलेच. या वयात नवऱ्याकडून कौतुक म्हणजे दुष्काळात आलेली सर. गेटबाहेर पडताना मी वॉचमनला उगीच हॉर्न दिला.

टेकडीचा उतार. डावं वळण. मी आधीच हळू झाले होते, दुसऱ्या गिअरमध्ये. वळलो तर समोर दुधाची व्हॅन उभी, मागचं दार उघडं. आणि मग आभाळ खाली, रस्ता वर.

पाय उचलला का मी? आठवत नाही. उचलला असेल. सगळे म्हणतात उचललाच.

पंचवीस वर्षं ज्या पायावर पोट भरलं, त्यानंच दगा दिला!

९ फेब्रुवारी

घरी आलो. ह्यांची खाट बाहेरच्या खोलीत, खिडकीजवळ. येणाऱ्या-जाणाऱ्याला सोयीचं.

नणंदबाई आल्या. चप्पल काढायच्या आधीच — "काय हे वहिनी! तूच अशी चालवायला लागलीस तर शिकणाऱ्यांचं काय व्हायचं?" मी मान खाली घातली. हे खाटेवरून म्हणाले, "तिला कुणी काही बोलायचं नाही. तिचा दोष नाही. मागच्या इंजिनाची गाडी, पाय उचलला की संपलं. नवख्या माणसाला नाही कळत ते."

आत जाऊन ओट्याला टेकून रडले. मांडीत सळई घेऊन पडलाय माणूस, आणि माझी बाजू घेतोय. देवमाणूस आहे. मी मेली उगाच त्यांच्या गाडीचा दुस्वास करत राहिले.

१० फेब्रुवारी

दातांच्या डॉक्टरीणबाईंचा फोन. "मॅडम, थोडे दिवस थांबते शिकायचं." थोडे दिवस म्हणजे कायमचे, न कळायला मी काय कुक्कुलं बाळ आहे? तिच्याआधी शिकायला येणारा एक कारकूनही गळला. तोही "थोडे दिवस"च.

१३ फेब्रुवारी

लेक आली नातवाला घेऊन. तो आल्या आल्या अंगणात पळाला. त्याला शिकवणीच्या गाडीत बसायचं असतं, कारण तिला माझ्या बाजूलाही ब्रेक आहे. दोन ब्रेकवाली गाडी! वर्गात सगळ्यांना सांगत असतो. दर वेळी मी त्याला पाण्याच्या टाकीपर्यंत एक चक्कर मारून आणते. मी किल्ली घेतली तर लेक दारात आडवी आली.

"नको. आजीबरोबर गाडीत नाही जायचं."

हे त्याच्यासमोर! तो माझ्याकडे बघायला लागला, मी काहीतरी चोरलं असावं तसा. नंतर स्वयंपाकघरात येऊन तिनं आवाज खाली घेतला. "आई, वाईट वाटून घेऊ नकोस. वय झालं की हातपाय वेळेवर चालत नाहीत. तू आता गाडी बंदच कर ना. काय कमी आहे तुला?"

मला पन्नाशी ओलांडून जेमतेम तीन वर्षं झालीत. हिला गाडी कोणी शिकवली? चढावर गाडी मागे घसरली की "आईऽऽ" म्हणून कोण ओरडायची? तेव्हा माझे हातपाय वेळेवर चालत होते.

दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर चार शब्द सुनावले असते. तिच्यापुढे चहा ठेवला. आणि खरी बोच ही, की ती चुकीचं बोलतेय असंही छातीठोकपणे म्हणता येईना.

१६ फेब्रुवारी

शिकवणीची गाडी काढून पाहिली. गेटपाशी वळताना उजवा पाय लाकडाचा झाला. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवून वाजवून थकला. "अहो बाई, शिका आधी!" गाडी परत लावली.

२० फेब्रुवारी

माफीचा रतीब चालू आहे घरात. सकाळी शेजारी, दुपारी ह्यांच्या ऑफिसातले जुने सोबती, संध्याकाळी जुन्या गाड्यांच्या क्लबचे लोक. प्रत्येकाला तीच गोष्ट, आता ती चांगली घोटून झालीय. आधी उतार, मग वळण, मग माझा पाय. मग हे एक हात वर करून म्हणतात, "पण मी माफ केलंय तिला." माणसं माझ्याकडे बघतात. मी चहा देते.

आज क्लबचे मिशीवाले अध्यक्ष आले होते. म्हणाले, "यंदा पदक तुमचंच होतं हो. राणीला तोड नव्हती." हे हसले — "बायकोच्या हातात दिली. चूक माझीच." सगळे हसले. मी पण हसले. कशाला हसले?

देवमाणूस आहेत, मान्य. पण देवालासुद्धा इतक्यांदा माफ करताना कंटाळा येत असेल.

२४ फेब्रुवारी



शिकवणीच्या गाडीची क्लच प्लेट गेलीय. मिस्त्रीच्या गॅरेजात टो करून नेली. तिथं सवत लिफ्टवर चढवलेली, पोट उघडं टाकून. अपघातानंतर पहिल्यांदाच बघत होते. टप चेपलेलं, एक दिवा फुटलेला. खरं सांगते, वाईट वाटलं. शत्रूच्या मयताला गेल्यासारखं.

मिस्त्री लगबगीनं मधे आला. "बाई, तुम्ही कशाला आलात इथं? माणूस पाठवला असता मी. चला, ऑफिसात बसा, पंखा लावतो." या माणसानं आजवर मला कधी पंखा लावला नाही. म्हणून मी तिथंच उभी राहिले आणि वर बघितलं.

पाटा नव्हता.

लेक बालवाडीत असताना क्लबातल्या एकाची अशीच गाडी वळणावर उलटली. तेव्हा मी हट्ट धरला होता, की हिच्या चाकांचं काही केल्याशिवाय मी पोरीला या गाडीत बसू देणार नाही. दोन दिवस अबोला धरला. शेवटी ह्यांनी याच मिस्त्रीकडून मागे खालून एक आडवा पाटा बसवून घेतला. पोलादाची लांब पट्टी, दोन्ही मागच्या चाकांना धरून ठेवणारी. मग वळणात चुकून पाय उचलला तरी चाक पोटाखाली दुमडत नाही. फार तर गाडी जराशी हलते आणि पुढे जाते. त्या एका पट्टीच्या भरवशावर मी इतके रविवार त्या गाडीत डोळे मिटून बसले.

"पाटा कुठंय?"

"अं? तो होय... अपघातात उडाला असेल."

उडाला असेल! उडाला असता तर पत्रा फाटला असता, बोल्टाची भोकं फाटली असती. भोकांत रबरी बुचं बसवलेली, त्यावर काळा रंग, रंगावर धूळ. कुणीतरी मन लावून काम केलं होतं, तिथं कधी काही नव्हतंच असं वाटावं म्हणून. मी बोट लावून त्याला दाखवलं. तो फडक्याला हात पुसत राहिला. हात स्वच्छ होते.

"बाई, मी हुकमाचा ताबेदार. साहेबांना विचारा ना."

२५ फेब्रुवारी

विचारलं नाही. मिस्त्रीचंच काम असणार हे. स्वतः काढून कुणाच्या तरी गाडीला लावला असेल, आणि आता साहेबांवर ढकलतोय. चोराच्या उलट्या बोंबा!

हे कशाला काढतील? बाजूला मी बसायची ना.

२६ फेब्रुवारी

सकाळी ह्यांना विचारायचं म्हणून चहा घेऊन गेले. "साखर कमी पडली," एवढंच बोलणं झालं. साखर घातली.

२७ फेब्रुवारी

विचारलं. दाढी करून देत होते. गालाला फेस, हातात माझ्या वस्तरा. आता आठवून हसू येतंय, पण मुद्दाम नव्हतं केलं.

"पाटा काढलात का हो तुम्ही?"

"कुठला पाटा?"

मी वस्तरा तसाच धरून ठेवला. फेस वाळायला लागला. मग म्हणाले, "मिस्त्री बोलला वाटतं. त्याच्या पोटात काही राहत नाही."

आणि मग निघालं सगळं. मेळाव्यातले परीक्षक आरसा सरकवून गाडीच्या पोटाखाली बघतात. कारखान्यातून निघाली तेव्हा जशी होती, तश्शी हवी. वरून लावलेली एक पट्टीसुद्धा चालत नाही. गेल्या वर्षी त्या पाट्यापायीच पदक हुकलं होतं. मला तेव्हा सांगितलं होतं, रंगाची छटा चुकली. "मेळाव्यानंतर परत बसवणारच होतो गं. चार दिवसांचा तर प्रश्न होता."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू गाडीत बसली असतीस का?"

नसते बसले! तेच तर!

मग मी तो दुसरा प्रश्न विचारला. विचारायला नको होता. "मग त्या दिवशी मला का चालवायला दिलीत?"

हे खिडकीबाहेर बघायला लागले. मी म्हटलं, सांगा. तर म्हणतो — आदल्या दिवशी पाटा काढल्यावर एकटाच चक्कर मारायला गेला होता. टाकीजवळच्या वळणावर सायकलवाला आडवा आला, पाय उचलला गेला आणि गाडी त्याच्याही हातून फिरली. गवतात जाऊन थांबली, दैव बलवत्तर. कुणी पाहिलं नाही. "हातपाय गळाले माझे. दुसऱ्या दिवशी स्टिअरिंगला हात लावायचा धीर होईना. क्लबला येतो म्हणून कबूल केलेलं. म्हटलं, तुझा हात हलका. तू घाबरत नाहीस. तू नेशील नीट."

तुझा हात हलका! आणि मी बाई गेटवर हॉर्न वाजवत गेले, नवऱ्यानं कौतुक केलं म्हणून!

गाडी फिरते हे त्याला माहीत होतं. स्वतः भ्यायला, म्हणून मला पुढे केलं. एवढंही म्हणाला असता ना, "सांभाळ, पाटा नाहीये" — मी त्या वळणावर पहिल्या गिअरमध्ये रांगत गेले असते. तेवढे शब्दही जड झाले. आणि नंतर माफी! वन्सं, शेजारी, मिशीवाले, सगळ्यांसमोर रोज हात वर करून मला माफ करत होता! मी आत रडत होते आणि याला देवमाणूस म्हणत होते.

अर्धी दाढी तशीच ठेवून उठले. दुसरी बाजू संध्याकाळपर्यंत तशीच होती. कुणी आलं नाही, हे त्याचं नशीब.

२८ फेब्रुवारी

आज दिवसभर आवाज मऊ. "अगं ऐक ना. क्लबात नको सांगूस. परीक्षकांनी विश्वास ठेवलेला असतो. नाक कापलं जाईल माझं."

त्याला नाकाची पडलीय. माझा पाय कापून गावभर टांगला, त्याचं काही नाही.

मी म्हटलं, क्लबचं बघू. पण लेकीला मी सांगणार.  तो पांघरूण नीट करत बसला.

१ मार्च

क्लच प्लेट बसली. गाडी आणायला स्वतः गेले. मिस्त्री नजर चुकवत होता. मीही त्याला पंखा लावायला सांगितला नाही.

येताना मुद्दाम टेकडीवरून आले. तोच उतार, तेच डावं वळण.  आधी हळू झाले, वळले, आणि वळणात मुद्दाम पाय उचलला. गाडी सावरली, शहाण्या लेकरासारखी. पुढे जाऊन फिरवली आणि पुन्हा केलं. पुन्हा. दुधाच्या व्हॅनवाला उभा राहून बघत होता, बाई येडी झाली म्हणून.

मी त्या दिवशी पाय उचललाच असणार. समोर उघडं दार आलं तर कोण नाही उचलणार? तोसुद्धा उचलतो. पाय उचलणं हा गुन्हा नव्हता. बाकीच्यांना काय वाटायचं ते वाटो, डॉक्टरीणबाई शिको नाहीतर रिक्षानं जावो. पण लेकीनं एकदा म्हणावं, आई, तुझं चुकलं नव्हतं. मग मी नातवाला टाकीपर्यंत नाही, गावाबाहेरपर्यंत फिरवून आणीन.

उद्या जाते तिच्याकडे. फोनवर नाही सांगायचं. तिचं तोंड बघायचंय मला.

२ मार्च

गेले. स्वतः चालवत. सगळं सांगितलं. ती कप विसळत होती. पाठमोरीच म्हणाली, "माहितीये मला, आई. बाबांनी दवाखान्यातच सांगितलं होतं."

म्हटलं, मग त्या दिवशी दारात मला तसं का बोललीस?

"त्यांचं हाड मोडलेलं. वर अब्रूपण जाऊ द्यायची का? ते खचले असते गं. तुझं तसं नाही. तू सोसतेस."

नातू बूट घालून दारात उभा. तिनं हात पुसले, त्याला म्हणाली, "जा, आजीबरोबर चक्कर मारून ये." मी त्याला नेलं नाही.